वडिलोपार्जित राईचं काय करावं?

तुमच्या वाट्याला राई आली असेल, तर आधी तिला 'पडीक' म्हणायला शिका. ऐन, किंजळ, जांभूळ असली झाडं नुसती उभी असतात. मुंबईत बसून त्यांचा उपयोग काय? लाकूडवाला येईल, बुंध्याला मिठी मारून भाव सांगेल. घासाघीस करू नका. सातबाऱ्यावर सोळा नावं असली, तरी या एका कामाला सगळ्या सह्या आठवड्यात होतात.

झाडांमुळे पाऊस पडतो असं कुणी सांगू लागला, की त्याला बांधावरच गाठा. म्हणा, 'अहो, आमचा पाऊस अरबी समुद्रातून येतो, सह्याद्रीला अडतो नि कोसळतो. झाडांचा काय संबंध?' गंमत म्हणजे हे बरंचसं खरं आहे. कोकणात वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आंबोलीत दुपटीहून जास्त, आणि तो काही तुमच्या राईला विचारून येत नाही. एवढं बोलून गप्प बसा. पुढे गेलात तर पंचाईत. मुळांनी ओढलेलं पाणी झाड पानांतून वाफ करून हवेत सोडतं आणि वारा ती वाफ घाटापलीकडे नेतो. तमिळनाडूत नैऋत्य मोसमी पावसाला लागणाऱ्या बाष्पापैकी सरासरी 25 ते 40 टक्के पश्चिम घाटातल्या झाडझाडोऱ्याचं असतं, असं आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी 2018 मध्ये मांडलं. पावसाने ओढ दिली, की हा वाटा आणखी वाढतो. पण तमिळनाडूत आपलं कोण आहे?

आपल्याला बघायचा तो पडलेला पाऊस. राई होती तेव्हा तो पानांवर, पाचोळ्यात रेंगाळत जमिनीत उतरायचा. आमचा पऱ्या शिमग्यापर्यंत वाहायचा. आता उघड्या कातळावरून पाणी थेट खाडीत. लाल लोंढा आला की पुलावर उभे राहून जरूर बघा, आपल्याच डोंगराची माती असते ती. दिवाळीला पऱ्यात नुसते धोंडे. विहिरीचा दोर पुरेना, तर दुसरा जोडा. आमच्या दोराला तीन गाठी आहेत. तिसरी रहाटावर अडली की घागर असा हिसका देते, की निम्मं पाणी परत विहिरीत. सवय होते.

मन खात असेल तर जुलैत पाच रोपं लावा. पाऊस हलवायचा तर जंगल तालुकेच्या तालुके लागतं, पण फोटोला पाच पुरतात.

देवराई मात्र ठेवा. मे महिन्यात गाऱ्हाणं घालायला सावली नको का?

'बा देवा म्हाराजा, जो काय टँकर खयच्या चढावर अडाकलो आसात, तो तिन्हीसांजेच्या आत वाडीत पोचव रे म्हाराजा!'

'व्हय म्हाराजा!'