काराकुची

जपानीच्या वर्गात मी एकच विशेषण पक्कं घोटलं होतं : 'काराई', म्हणजे तिखट. कोल्हापूरच्या माणसाला परदेशात याहून जास्त काय लागतं? म्हणून टोकियोतले आमचे साहेब जेव्हा म्हणाले, "निईगाता प्रांताची साके चाखायला चला, तिथली काराकुची असते," तेव्हा माझी छाती फुगली. साके म्हणजे तांदळाची दारू, कुची म्हणजे तोंड. तांबड्या रश्श्यावर वाढलेल्याला हे तिखट तोंडाची भीती घालणार!

शिनकानसेन या बुलेट ट्रेनने सव्वा तासात निईगातातलं एचिगो-युझावा. बाहेर कमरेइतकं बर्फ, आणि आम्ही स्टेशनातच अडकलो, कारण पोनशुकान हे साके चाखायचं दालन तिथेच आहे. भिंतभर यंत्रं, त्यांत निईगाताच्या साक्यांचे शंभरएक प्रकार. ५०० येन मोजले, वाटी आणि ५ नाणी मिळाली. नाणं टाका, वाटी धरा, बटण दाबा.

पहिला घोट घेतला आणि तिखटाची वाट बघत उभा राहिलो. जिभेवर नाही, घशात नाही. नुसतं गार पाणी, आणि मागून कुठूनतरी भाताच्या वाफेचा वास. मग कळलं, साक्याच्या बाबतीत 'काराई' म्हणजे गोड नसलेली. यंत्रावर आकडाही असतो : साके पाण्याहून हलकी तर अधिक, जड तर उणे. अधिक जितका मोठा, तितकी ती साधारणपणे 'तिखट'. आमच्या गावात या हिशोबाने मिरची विकली असती तर दंगल झाली असती.

"कशी वाटली?" साहेबांनी विचारलं.

खरा छळ हा. पिणं सोपं, सांगणं अवघड. साहेब स्वतः डोळे मिटून नाशपाती, पांढरी फुलं, पहाटेचं बर्फ असं काहीबाही सांगत होते. आमच्या घरात चवीवर दोनच शेरे चालतात : 'बरं झालंय' आणि 'मीठ कमी आहे'. पहिला पहिल्या वाटीवर खर्च झाला होता. दुसऱ्या वाटीला तोंडातून दुसरा निसटला.

साहेबांचा चेहरा उजळला. "अगदी बरोबर!" म्हणत त्यांनी मला एका टेबलापाशी नेलं. तिथे तऱ्हेतऱ्हेची मिठं मांडलेली. चिमूटभर चाटायचं, वर घोट घ्यायचा. इथला सोळाव्या शतकातला सरदार उएसुगी केनशिनही म्हणे असंच खारट काहीतरी तोंडी लावून प्यायचा. थोडक्यात, मी जाणकार ठरलो. बायकोला हे सांगायची सोय नाही.

तिसरी वाटी दाइगिंज्योची. त्यासाठी तांदूळ निम्मा किंवा त्याहून जास्त घासून काढतात, उरलेल्या गाभ्याची साके. तांदूळ गोह्याकुमानगोकु, म्हणजे पन्नास लाख कोकु; कोकु हे तांदळाचं जुनं जपानी माप. १९५७ साली निईगाताचं भाताचं पीक तेवढं वाढलं, त्याची आठवण. पीक एवढं आल्यावर निम्मं घासायला काय जातंय! आजी असती तर तो भुगा पदरात बांधून घेऊन आली असती. चव मात्र खरंच सुरेख होती; चौथीची आठवत नाही.

पाचव्या वाटीला माझ्याकडचे शब्द संपले. साहेब वाट बघत होते. शेवटी खरं ते बोललो : "ओकायुसारखी. आमच्याकडे आजारी माणसाला अशीच पेज देतात."

साहेब गप्प झाले. बराच वेळ वाटीत बघत राहिले. मग गंभीरपणे विचारलं, "कोणत्या आजारात?"

"तापात."

त्यांनी स्वतःच्या कपाळाला हात लावून पाहिला आणि आणखी ५०० येन काढले.