शनिवार-रविवारचे बोटवाले आणि आम्ही

मी कोयनेच्या शिवसागर तलावावर पर्यटकांची बोट चालवतो. गेल्या रविवारी संध्याकाळी पाच वाजता माझा नंबर लागला होता. माझी दिवसाची शेवटची फेरी. सातजणांची पार्टी, पैसे ठरलेले, बायका-पोरं जॅकेट घालून धक्क्यावर उभी. तेवढ्यात वरच्या हॉटेलातलं पोरगं धावत खाली आलं. वासोटा किल्ल्याकडून येणारी एक बोट मधल्या वळणाला बंद पडलीय, आत चौदा माणसं आहेत, त्यातल्या एकाचा फोन कसाबसा लागला आणि लगेच कट झाला. कुणाची बोट, हे मी विचारलंही नाही. नेहमीचे आम्ही असतो तर मे महिन्यात, वळवाचं आभाळ भरलेलं असताना, चौदा माणसं बोटीत घातलीच नसती.

माझ्या पार्टीला सांगितलं, माफ करा, मागच्या बोटीनं जा. आणि निघालो.

पोचलो तेव्हा बोट वाऱ्याला आडवी झालेली. लाटा एका अंगानं थपडा मारतायत आणि माणसं घाबरून सगळी दुसऱ्या अंगाला सरकलेली. जॅकेटं मोजली, सहा. त्यातल्या दोनचे पट्टे तुटलेले, छातीवर नुसती धरून बसले होते. एक आठ-नऊ वर्षांची पोरगी रिकामा कॅन पोटाशी घट्ट धरून बसली होती, तो कुणी दिला देव जाणे. आणि बोटीचा मालक इंजिनावरची फळी उचलून मोबाइलच्या उजेडात आत बघतोय. मला म्हणाला, ‘दादा, खाली काहीतरी लागलं वाटतं.’

काहीतरी नाही, खुंट लागला. पंख्याचं एक पातं निम्मं उडालेलं. उन्हाळ्यात त्या वळणाला डाव्या अंगानं जायचं नसतं, हे आमच्या बारक्या पोरांनाही माहीत आहे. कोयनेचं धरण १०५ टीएमसीचं, म्हणजे १०५ अब्ज घनफूट पाण्याचं. पावसाळ्यात भरतं आणि मग वर्षभर पाणी पोफळीच्या वीजघरांना आणि खाली नदीला जात राहतं. मे उजाडेपर्यंत शिवसागर कित्येक पुरुष उंचीनं खाली उतरलेला असतो. जुन्या गावांचे चौथरे, ताली, बांध, तोडलेल्या झाडांचे खुंट, सगळं वर येतं. काही दिसतं, काही हातभर पाण्याखाली दबा धरून असतं. त्या वळणाला माझ्या आजोबांचं शेत होतं. साठच्या दशकात पाणी आलं आणि गेलं. तो खुंट आमच्याच बांधावरच्या आंब्याचा आहे, मला तो डोळे झाकून सांगता येतो. यांना तो कसा कळणार? वर्षातले दहा-पंधरा शनिवार-रविवार पाण्यावर, बाकी वर्ष पुण्यात!

दोर बांधून ओढत आणायला पावणेदोन तास लागले. डिझेल माझं गेलं, फेरी माझी बुडाली. धक्क्याला लागल्यावर त्या बोटीच्या मालकसाहेबांनी माझा हात हातात घेतला, ‘थँक्यू दादा, तुम्ही होतात म्हणून बरं.’ गाडीत बसले, गेले. सोमवारी सकाळी ते कंपनीत हजर. मी सोमवारी सकाळी त्यांची बोट धक्क्याच्या तोंडातून बाजूला ओढत होतो, कारण रात्री घाईत त्यांनी ती मधेच बांधून ठेवली होती.

हे एकट्याचं असतं तर मी गिळून टाकलं असतं. पण तीन-चार वर्षांत असे कितीतरी झालेत. कुणी पुण्याला नोकरीला, कुणाचं साताऱ्यात दुकान, कुणी काठावर खोल्या बांधून भाड्यानं देतो. बोट घेतली, शनिवार-रविवारसाठी एक पोरगा ठेवला, मोबाइलवर व्हिडिओ टाकले की झाले बोटवाले. आमच्याकडं नंबरची पद्धत आहे, ज्याचा नंबर त्याची पार्टी. यांचं बुकिंग आधीच फोनवर झालेलं असतं, पार्टी धक्क्यावर न येता खोल्यांच्या खालूनच परस्पर बोटीत चढते. आणि रेट? ठरलेल्या रेटपेक्षा पाचशेनं कमी. विचारलं तर एकानं तोंडावर सांगितलं, ‘आम्ही हौस म्हणून करतो हो, आमचं काय यावर पोट थोडंच आहे!’

अहो, तुमचं पोट यावर नाही म्हणूनच तर तुम्ही आमच्या पोटावर पाय देऊ शकता! पगार एक तारखेला बँकेत पडतो, मग बोटीत पाचशे सुटले काय, न सुटले काय. माझ्या घरात आई आहे, दोन पोरं शिकतायत, सोसायटीच्या कर्जाचा हप्ता आहे. साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत वासोटा बंद, म्हणजे चार महिने जवळपास काही नाही. उरलेल्या आठ महिन्यांतही सोमवार ते शुक्रवार धक्क्यावर कावळे. आमचं वर्ष त्या शनिवार-रविवारवर चालतं, आणि नेमके तेवढेच दोन दिवस हे येऊन उचलतात. साय तेवढी यांची, ताक आमचं.

बारमाही बोट सांभाळणं म्हणजे काय ते यांना एकदा दाखवायला पाहिजे. सकाळी आधी तळातलं पाणी उपसायचं. पंख्याचा दांडा जिथून बाहेर निघतो त्या ग्लँडमधून पाणी झिरपतंय का बघायचं, तिथली दोरी कुजली असेल तर बदलायची. फायबरला केसाएवढी जरी चीर दिसली तरी बोट वर ओढून ती खरवडून भरायची, दोन दिवस धंदा बंद ठेवून. आमच्या खोऱ्यात डिझेलचा पंप नाही, कॅन भरून घाटातून आणायचे. पावसाळ्यात बोट वर घेऊन शाकारायची, आणि तरी रात्री-अपरात्री वारं वाढलं की कंदील घेऊन बघायला जायचं. २०२१ चा जलयान कायदा आल्यावर नोंदणी, तपासणी, इन्शुरन्स, चालवणाऱ्याचं प्रमाणपत्र यासाठी मी किती हेलपाटे घातले ते माझं मला माहीत. प्रत्येक हेलपाट्याला एक दिवस बुडाला. ज्या पोराच्या हातात यांनी बोट दिलीय, त्याच्याकडं कसलं प्रमाणपत्र आहे ते विचारा एकदा.

नोकरी करणाऱ्यांवर माझा राग नाही, हे स्पष्ट सांगतो. आमच्या खोऱ्यातली निम्मी घरं मुंबईच्या माथाडी कामावर उभी आहेत, माझे दोन चुलते वाशीच्या मार्केटात पाठीवर पोती वाहून म्हातारे झाले. आणि पलीकडच्या गावात एक गुरुजी आहेत, तेही सुट्टीच्याच दिवशी बोट घालतात. पण ते नंबरला शेवटी उभे राहतात, जॅकेट घातल्याशिवाय माणूस चढू देत नाहीत, आणि निघण्याआधी आम्हाला विचारतात, आज पाणी कुठवर उतरलंय, वळणाला कसं आहे. त्यांच्या बोटीत मी माझी पोरं बसवीन. त्यांच्यासारखे दहा आले तरी माझी हरकत नाही.

गळ टाकायला येणाऱ्यांचं आणखी वेगळं. हल्ली महागाच्या काठ्या घेऊन पार्ट्या येतात, बोटीतून मासे पकडायला न्या म्हणतात. आम्ही सांगतो, पुढं अभयारण्य आहे, तिथं गळ टाकायचा नाही. कोयना अभयारण्य १९८५ पासून आहे, नंतर सह्याद्री व्याघ्र प्रकल्पही झाला, वन खात्याची माणसं आम्हाला नावानिशी ओळखतात. एकदा नियम मोडला तर आमची बोट कायमची काठाला. हे शनिवार-रविवारवाले मात्र ‘फिशिंग ट्रिप’ म्हणून जाहिरात करतात आणि नेतातही. पकडले गेले तर दंड भरून पुण्याला जातील. मग खातं सगळ्यांनाच आवळणार, आणि धक्क्यावर सापडायला आम्हीच!

२१ मे २०२४ ला उजनी धरणात काय झालं ते आठवतंय का? कुगावहून कळाशीला निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली, ६ माणसं गेली. २०१९ च्या पुरात ब्रह्मनाळला भरलेली बोट उलटली, ते तर सांगलीकर जन्मात विसरणार नाहीत. मे महिन्यातलं दुपारनंतरचं वारं काय असतं हे पाण्यावर रोज असणाऱ्याला अंगावरच्या काट्यावरून कळतं. वारं ओळखून आम्ही तीन वाजता फेरी नको म्हटलं की पार्टी समोरच्याला विचारते, आणि समोरचा म्हणतो, ‘चला हो, काही होत नाही.’

वर नाव कुणाचं खराब होतं? आमचं! रविवारच्या त्या पार्टीतल्या कुणीतरी मोबाइलवर लिहिलंय, ‘इथले बोटवाले बेजबाबदार आहेत, जिवाशी खेळतात.’ इथले! मला ते माझ्या थोरल्या पोरीनं वाचून दाखवलं. तिला काय सांगू?

हा तलाव म्हणजे यांना फिरायची जागा वाटते. आमचा तो रस्ता आहे. खिरखंडी गावच्या मुली स्वतः होडी वल्हवत शाळेला जात होत्या, म्हणून जानेवारी २०२२ मध्ये उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली, तो हाच तलाव. दोन महिन्यांपूर्वी बुधवारी रात्री एक वाजता पलीकडून फोन आला, पोटुशी बाई, कळा सुरू झालेल्या. माझी बोट त्या दिवशी वर ओढलेली होती, तळ भरायला काढला होता. धक्क्याला तीन चांगल्या बोटी उभ्या होत्या, तिन्ही शनिवार-रविवारवाल्यांच्या, साखळीला कुलपं, किल्ल्या मालकांबरोबर शहरात. एकालाही फोन लागला नाही. शेवटी आम्ही चौघांनी माझी बोट ओल्या तळासकट पाण्यात ढकलली. एकजण सारखा पाणी उपसत होता. बाई सुखरूप पोचली, मुलगा झाला.

माझं मागणं एवढंच आहे, आणि ते मी येत्या मीटिंगला उभं राहून मांडणार आहे. ज्याला नंबर पाहिजे त्यानं बोटीची किल्ली धक्क्यावर ठेवावी, जॅकेटं मोजून दाखवावीत आणि ठरलेल्या रेटनंच माणसं न्यावीत. नसेल जमत तर पगारावर समाधान मानावं.

उद्या शनिवार. ती बोट नवा पंखा बसवून तयार आहे, माझ्या उपकाराचे पैसे तर सोडाच, डिझेलचंही कुणी विचारलं नाही. घरात मी सांगून ठेवलंय, या खेपेला बंद पडली तर मी नंबर सोडून जाणार नाही. बायको काही बोलली नाही, नुसतं बघितलं माझ्याकडं. तिलाही माहीत आहे, मलाही माहीत आहे. आत कुणाची तरी पोरं असणार, मी जाणारच. आणि मी जाणारच, हे त्यालाही माहीत आहे.