सही करा हो, वाचत काय बसलात

बडोद्यातल्या कुठल्या लॅबमध्ये तुम्ही नवीन टेस्ट किट नाहीतर एखादा रेणू शोधून काढला असेल तर आधी अभिनंदन, आणि आता कृपा करून कागदांच्या भानगडीत पडू नका. करार काय वाचायचे असतात? क्लार्क शेजारी उभा राहून 'थई जशे साहेब', होऊन जाईल, म्हणतोय ना, मग ठोका सही.

स्टॅनफर्डवाल्यांचं बघा ना, एवढी मोठी युनिव्हर्सिटी, त्यांच्या संशोधकाने तिला लिहून दिलेलं की शोधाचे हक्क देण्याचं कबूल करतो, म्हणजे नुसतं वचन, मग तो पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती काढायची पद्धत, शिकायला सिटस कंपनीत गेला, तिथल्या कागदात होतं की हक्क याद्वारे देत आहे, म्हणजे सही झाली की हक्क कंपनीचे, आणि त्याने तिथेही सही करून टाकली. पुढे सिटसचा पीसीआरचा धंदा रोश या औषध कंपनीने घेतला, रक्तातला एचआयव्ही मोजायच्या पद्धतीवरून भांडण थेट अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात, आणि 2011 साली स्टॅनफर्ड हरली. सरकारी ग्रांट होती हो, पण ग्रांट आहे म्हणून हक्क आपोआप युनिव्हर्सिटीकडे जात नाहीत असं कोर्ट म्हणालं. तुमच्याकडेही ग्रांट आहे का? मग निश्चिंत रहा!

पेटंटच्या आधी पोस्टर मात्र नक्की लावा. सगळा डेटा, ग्राफ, टेस्टच्या प्रायमरच्या (डीएनएच्या छोट्या तुकड्यांच्या) सिक्वेन्ससकट, आणि त्याच्यासमोर उभं राहून फोटो काढून ग्रुपवर टाका. पेटंटचा प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, अर्ज आधी टाकला तर पूर्ण स्पेसिफिकेशन, म्हणजे शोधाचं सविस्तर वर्णन, द्यायला 12 महिने मिळतात, अर्ज ऑनलाईन जातो, मुंबईच्या पेटंट ऑफिसला चक्करही मारावी लागत नाही, पण इतकं सोपं काम करण्यात मजा काय. युरोपात अर्जाआधी एकदा जाहीर केलं की पेटंटचा विषय संपतो, ते जाऊ द्या, आपल्याला कुठे युरोपात विकायचंय.

इन्व्हेंटरच्या यादीत एचओडी सर, त्यांचे मित्र, ज्याने फक्त फ्रीज उघडून दिला तो, सगळे घ्या, आणि पेटंटही सगळ्यांच्याच नावावर करा. पेटंट कायद्याच्या कलम 50 प्रमाणे वेगळा करार नसला तर सहमालकांचा वाटा सारखा, स्वतः वापरायला कुणी अडवत नाही पण लायसन्स द्यायचं तर सगळ्यांची संमती हवी. म्हणजे दांडिया बाजारातल्या सामाईक वाड्यासारखं, गळका पत्रा बदलायचा तरी अमेरिकेतल्या चुलत दिरांची सही आणा.

सेल लाईन, म्हणजे लॅबमध्ये वाढवत ठेवलेल्या पेशी, मित्राकडून बर्फाच्या डब्यात मागवा, एमटीए, म्हणजे असं सामान देण्याघेण्याचा करार, वगैरे म्हणजे परक्यांसारखं वाटतं. त्यात कधीकधी कलम असतं की तिच्यातून जे निघेल तेही देणाऱ्याचं, ते तुम्हाला त्याचा वकीलच वाचून दाखवेल, फुकटात. पेशंटच्या संमतीपत्रात नमुना पुढे कमर्शियल कामाला जाऊ शकतो हे तर लिहूच नका, उगाच बिचाऱ्याने प्रश्न विचारायचे.

आणि सगळ्या करारांची एकच स्कॅन कॉपी ठेवा, पीएचडीच्या मुलाच्या लॅपटॉपवर. तो आता कॅनडात असतो, पासवर्ड त्याच्या आईला माहिती आहे म्हणे, पण काकू दुपारी झोपतात, चारच्या आधी फोन करू नका.