कावळा, पिंपळ आणि पितृपक्षातलं ते फॉरवर्ड

पितृपक्ष लागला की तो मेसेज परत येतोच, यंदाही आलाय, फक्त खाली नवीन फोटो चिकटवलाय. ज्यांना अजून मिळाला नसेल (नशीबवान आहात) त्यांच्यासाठी थोडक्यात: वड-पिंपळ कुणी लावताना तुम्ही कधी पाहिलंय का? नाही ना, कारण त्यांचं बी मातीत टाकून रुजतच नाही, कावळ्याने फळ खाल्लं आणि त्याच्या पोटात बीवर 'प्रक्रिया' झाली तरच ते उगवतं. पिंपळ हे जगातलं एकमेव झाड जे चोवीस तास ऑक्सिजन सोडतं. कावळी भाद्रपदात अंडी घालते, पिल्लांना सकस खायला मिळावं म्हणून श्राद्धाचा घास. कावळे गेले की वड-पिंपळ गेले, ते गेले की ऑक्सिजन गेला, आणि शेवटी अर्थातच दहा ग्रुपवर पाठवा.

श्राद्ध करावं की नाही यावर मला काही म्हणायचं नाहीये, ते ज्याचं त्याने बघावं. झाडाबद्दल आणि पक्ष्याबद्दल जे लिहिलंय तेवढंच घेऊ.

'वड-पिंपळ कुणी लावत नाही.' अहो, सम्राट अशोकाने सव्वादोन हजार वर्षांपूर्वी दगडावर कोरून ठेवलंय की माणसांना आणि जनावरांना सावली मिळावी म्हणून मी रस्त्यांच्या कडेला वड लावून घेतले. तो स्तंभ आज दिल्लीत फिरोजशाह कोटल्यात उभा आहे, जाऊन बघता येतो. श्रीलंकेत अनुराधापूरचा बोधिवृक्ष म्हणजे पिंपळच, आणि परंपरा सांगते की तो बोधगयेच्या झाडाची फांदी नेऊन लावलेला आहे, म्हणजे तिथे तर बी पण नाही आणि कावळा पण नाही. आपल्याकडे सुरूरहून वाईला जाताना जुने वड रांगेत दिसायचे, कावळ्याने इतकी सरळ लाईन मारली असेल असं कुणाला वाटत असेल तर मी हात टेकले. वडाचा जाडसर फाटा पावसाळ्यात जमिनीत रोवला की बहुतेक वेळा फुटतो, गावाकडे विचारा कुणालाही.

'बी कावळ्याच्या पोटातूनच रुजतं.' ह्यात थोडं खरं आहे म्हणूनच ते पटतं. वड-पिंपळाचं बी पक्ष्यांच्या विष्ठेतून पसरतं हे बरोबर, बाथरूमच्या पाईपमागे, देवळाच्या शिखरावर, ताडाच्या बेचक्यात पिंपळ येतो तो असाच. पोटातून जाताना गर निघून जातो, बी मोकळं होतं, कधीकधी रुजायला मदत पण होते. पण 'मदत होते' आणि 'त्याशिवाय होतच नाही' यात केवढा फरक आहे! शिवाय कावळाच का? फळं लागलेल्या वडाखाली सकाळी अर्धा तास उभे रहा, तांबट, बुलबुल, मैना, कोकीळ, भोरड्या, कोकणात असाल तर धनेश, रात्री वटवाघळं, आणि माकडं, खारी वेगळ्याच. (वटवाघूळ या नावातच वड बसलाय असं कुणी म्हणेल, ते जाऊ दे.) कावळा त्या पंगतीतला एक.

आणि खरी गंमत अशी की ज्या जीवाशिवाय वड-पिंपळाचं बी खरोखरच तयार होत नाही त्याचं त्या अख्ख्या मेसेजमध्ये नावसुद्धा नाही. पिकलेलं उंबर फोडल्यावर आतून चिलटांसारखे किडे निघतात ते बघितलेत ना? उंबर, वड, पिंपळ, अंजीर सगळे एकाच कुळातले. आपण ज्याला फळ म्हणतो ती खरं तर आतल्या बाजूला वळलेली बंद पिशवी असते आणि तिच्या आत शेकडो बारीक फुलं असतात, म्हणून पिंपळाला फुलं आलेली कुणी बघत नाही. आता आत वारा पोचत नाही, मधमाशी शिरू शकत नाही, मग परागीभवन कोण करणार? तर दीड-दोन मिलिमीटरची एक गांधीलमाशी, आणि साधारणपणे प्रत्येक जातीच्या झाडाची आपापली ठरलेली. मादी टोकाच्या बारीक भोकातून घुसते, ते इतकं अरुंद असतं की बऱ्याचदा पंख तिथेच तुटतात, आत जाऊन ती बरोबर आणलेले परागकण फुलांवर टाकते, काही फुलांमध्ये अंडी घालते आणि तिथेच मरते. ज्या फुलांत अंडी नाहीत त्यांचं बी होतं, ज्यांत आहेत त्यांच्यात पुढची पिढी वाढते. नर आपापल्या फुलातून आधी बाहेर येतात, त्यांना पंखच नसतात, मिलन झालं की ते फळाची भिंत आतून कुरतडून बोगदा करतात आणि त्यातून नव्या माद्या बाहेर पडतात, तोपर्यंत फळातली नरफुलं पिकलेली असतात त्यांचे परागकण घेऊन. बाहेरचं आयुष्य जेमतेम एक-दोन दिवस, तेवढ्यात दुसरं झाड गाठायचं. ही माशी नसेल तर कावळ्याने कितीही फळं खाल्ली तरी आत रुजणारं बीच नाही.

'पिंपळ चोवीस तास ऑक्सिजन देतो.' नाही देत. झाड ऑक्सिजन आपल्यासाठी बनवत नाही, ते स्वतःचं जेवण बनवतं, हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि मुळातून आलेलं पाणी घेऊन साखर करतं, त्यात पाण्याचा रेणू फोडावा लागतो आणि उरलेला ऑक्सिजन बाहेर टाकला जातो. पाणी फोडायला ऊर्जा लागते ती उन्हाची. ऊन नाही, फोडणं नाही, ऑक्सिजन नाही. यान इंगेनहाउस नावाच्या डच डॉक्टरने 1779 मध्येच दाखवलं की पाण्यात बुडवलेल्या पानांवर उजेडात बुडबुडे येतात आणि अंधारात थांबतात. श्वास मात्र झाड दिवसरात्र घेतं, म्हणजे रात्री पिंपळसुद्धा तुमच्या-माझ्यासारखा ऑक्सिजन घेतो आणि कार्बन डायऑक्साइड सोडतो.

इथे कुणीतरी हुशार माणूस हमखास म्हणतो की काही झाडं रात्री पण कार्बन डायऑक्साइड घेतात. घेतात की, निवडुंग, घायपात, अननस वगैरे. कोरड्या जागी दिवसा पानांची छिद्रं उघडली तर पाणी उडून जातं म्हणून ती रात्री उघडून कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवून ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी ऊन आलं की वापरतात. पण ऑक्सिजन सुटतो तो दिवसाच. म्हणजे पिंपळ तसा असता तरी मेसेज चूकच ठरला असता. आणि फाल्गुन-चैत्राच्या सुमाराला पिंपळ पानं झाडून काही दिवस जवळजवळ उघडा उभा असतो, तेव्हा तो कशाने देतो म्हणे ऑक्सिजन?

(उलट टोकाची मंडळी 'रात्री झाडाखाली झोपू नका, गुदमराल' म्हणतात, तेही नको. उघड्यावर हवा खेळती असते, त्या कार्बन डायऑक्साइडने कुणी गुदमरत नाही. वरून फांदी किंवा पक्ष्याचा प्रसाद पडण्याची शक्यता जास्त.)

'कावळी भाद्रपदात अंडी घालते.' हे तर आपल्याच लोकांनी लिहावं याचं नवल वाटतं. कावळ्याने घरटं कुठल्या झाडावर, किती उंच बांधलंय ते बघून यंदा पाऊस कसा होईल याचा अंदाज बांधायची जुनी पद्धत आहे की नाही आपल्याकडे? अंदाज खरा निघो न निघो, पण घरटं पावसाच्या आधी, उन्हाळ्यात होतं म्हणूनच ती पद्धत पडली ना. कोकीळसुद्धा उन्हाळ्यात घसा फोडून ओरडतो कारण कोकिळेला अंडं टाकायला कावळ्याचं घरटं तेव्हाच मिळतं. गावकावळ्याचा मुख्य हंगाम एप्रिल ते जून, डोमकावळ्याचा त्याच्याही आधी. भाद्रपद येईपर्यंत बहुतेक पिल्लं उडून स्वतःचं खायला शिकलेली असतात.

'कावळे संपले तर...' कावळे कुठे संपतायत? आपला गावकावळा पूर्व आफ्रिकेत इतका माजलाय की केनियाच्या वन्यजीव खात्याने 2024 मध्ये दहा लाख कावळे मारायची योजना जाहीर केली.

आता ज्यांना खरंच पिंपळ लावायचाय त्यांच्यासाठी. पिकलेली जांभळट फळं घ्या, पाण्यात कुस्करा, वर तरंगतं ते फेकून द्या, खाली बसलेलं बारीक बी ओल्या भुसभुशीत मातीवर नुसतं पसरा, पुरू नका, त्याला रुजायला उजेड लागतो, आणि माती सुकू देऊ नका. काही आठवड्यांत मोहरीएवढी दोन पानं दिसतील. कुंडीत वर्ष-दोन वर्षं वाढवून मग पावसाळ्यात मोकळ्या जागी लावा, घराच्या भिंतीपासून, विहिरीपासून आणि सोसायटीच्या टाकीपासून चांगलं लांब, कारण मुळं पाण्याच्या मागे कुठेही जातात आणि मग तोडायला परवानगीही लागते आणि हातही लावायला कुणी तयार होत नाही.