पियानोवर माहलर बसलेला नाही

रिकाम्या पियानोच्या पट्ट्या आपोआप खालीवर होतायत, असा व्हिडिओ ग्रुपांतून फिरतोय. खाली मजकूर: “गुस्ताव्ह माहलरने १९०५ साली वाजवलेलं, शंभर टक्के जसंच्या तसं! यंत्राने त्याच्या बोटांचा दाबसुद्धा टिपला. त्या काळच्या खरखरत्या तबकड्यांपेक्षा हेच खरं.”

९ नोव्हेंबर १९०५ ला ऑस्ट्रियन संगीतकार माहलर लाइपझिगमध्ये वेल्टे या आपोआप वाजणारे पियानो बनवणाऱ्या कंपनीसाठी वाजवायला बसला आणि त्याचे चार रोल निघाले, हे खरं. बाकीचं तपासून घेऊ.

“जसंच्या तसं.” रोल म्हणजे भोकं पाडलेला कागद. भोक यंत्रातल्या छिद्रासमोर आलं की हवा आत शिरते, त्या सुराचा चिमुकला भाता मिटतो आणि हातोडी उडते. (आपल्या पेटीचा भाता हवा ढकलतो, इथला पंप ती ओढतो.) वेल्टेच्या लाल रोलला छिद्रं १००: ८० सुरांची, उरलेली जोर, पेडल वगैरेंची. आजच्या पियानोला पट्ट्या ८८! शिवाय पेडल एकतर दाबलेलं, नाहीतर सोडलेलं. अर्धवट दाबून नाद धूसर ठेवायची खुबी कागदावर उतरतच नाही.

“बोटांचा दाब टिपला.” खरी मेख इथे आहे. सूर कधी लागला, कधी सुटला हे रोल चांगलं सांगतो. जोराचं तसं नाही. यंत्राचे दोन भाग, खालच्या सुरांचा आणि वरच्या. एका भागातल्या सगळ्या सुरांना त्या क्षणी हवेची ओढ सारखीच, म्हणजे जोरही सारखाच. उजव्या हाताने चार सूर एकदम वाजवताना वादकाने वरचा सूर उठवला, तरी यंत्र चारही सारखेच ठोकणार. मग तो एक सूर केसभर पुढेमागे सरकवायचा, म्हणजे तेवढ्यापुरती ओढ बदलता येते. जोर साधायला वेळ मोडायची! ड्युओ-आर्ट या अमेरिकेतल्या अशाच यंत्राच्या रोलसाठी तर वादक वाजवत असताना दुसराच माणूस डायल फिरवून जोर नोंदवायचा. चुकलेले सूर नंतर दुरुस्त व्हायचे ते वेगळंच. ही माणसं तयार कानाची होती, त्यांना हिणवायचं नाही. पण त्यांच्या कामाला माहलरचं बोट कसं म्हणायचं?

“तबकड्यांपेक्षा खरं.” नॉर्वेचा संगीतकार ग्रीग, त्याला दोन्हीकडे ऐका. १९०३ मध्ये पॅरिसला त्याने तबकड्या केल्या, १९०६ मध्ये लाइपझिगला वेल्टेचे रोल. त्याची ‘फुलपाखरू’ ही रचना दोन्हींत आहे. तबकडीत खरखर भरपूर, पण सूर दुरुस्त करायची सोयच नव्हती. मला तरी त्या खरखरीतलं फुलपाखरू जास्त जिवंत वाटतं.

म्हणून रोल टाकाऊ ठरत नाहीत. फ्रेंच संगीतकार देब्यूसीने स्वतः वाजवलेल्या त्याच्या ‘बुडालेलं कॅथेड्रल’चा रोल घ्या. त्यात ७ ते १२ आणि २२ ते ८३ या मापांत (स्वरलिपीतल्या तालाच्या खणांत) तो दुप्पट वेगाने जातो, छापील प्रतीत तशी सूचनाच नाही. कागद हळू ओढा की भरभर, हे आतलं प्रमाण बदलत नाही. अशा जागी रोलची साक्ष बिनतोड.

माहलरच्या वादनाची तर एकही तबकडी नाही, जे आहे ते हे चार रोलच. व्हिडिओतला पियानो कुणी जुळवला, कागद कुठल्या वेगाने ओढला, हे मात्र त्या मजकुरात कुठेच नाही.