पिशवी ‘निकामी’ झाली, हे ठरवले कोणी?

माझ्या मावसबहिणीने परवा एक ध्वनिफीत पाठवली आणि खाली एवढेच लिहिले, “ताई, काढून टाकू का?” ती छत्तीस वर्षांची आहे आणि दसरा झाला की नवऱ्याबरोबर बीडहून ऊसतोडीला जाते. ध्वनिफितीतली बाई सांगते की मुले झाल्यावर गर्भपिशवी निकामी होते, अंगावरून पांढरे जाणे ही कर्करोगाची सुरुवात असते आणि पिशवी काढली की पाळी नाही, म्हणून खाडाही नाही, म्हणजे कामावर न गेल्याबद्दल पैसे कापले जाणे नाही.

यातला कर्करोगाचा मुद्दा सर्वांत घातक आहे, कारण या भीतीपोटीच बाया मुकादमाकडून उचल (आगाऊ पैसे) घेऊन शस्त्रक्रिया करून घेतात. थोडे पांढरे जाणे नैसर्गिक असते; ते जास्त असेल, वास किंवा खाज येत असेल, तर ते बहुतेक वेळा जंतुसंसर्गाचे लक्षण असते आणि तो औषधांनी बरा होतो. कोपीत (फडाजवळच्या तात्पुरत्या झोपडीत) दिवसाला एक हंडा पाणी, शौचालय नाही आणि पाळीचे कापड नीट धुवायला व उन्हात वाळवायला जागा नाही, अशा स्थितीत संसर्ग पुन्हा पुन्हा होणारच. त्यासाठी पिशवी काढणे हा उपचार नव्हे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची शंका असेल, तर आधी तपासणी करावी लागते. बहिणीच्या फाइलमध्ये एका सोनोग्राफीपलीकडे काहीच नाही, तरीही तिला शस्त्रक्रियेची तारीख दिली गेली, याचा मला संताप येतो.

पिशवीबरोबर अंडाशयेही काढली, तर पस्तिशीतच रजोनिवृत्ती येते, हाडे ठिसूळ होतात आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. खाडा वाचतो म्हणणाऱ्यांनी हेही सांगावे की या शस्त्रक्रियेनंतर साधारण सहा आठवडे जड उचलायचे नसते. मग डोक्यावर मोळी घेऊन ट्रकच्या फळीवर कोण चढणार?

पिशवीतल्या गाठींमुळे होणारा, औषधांना न जुमानणारा रक्तस्राव, अंग बाहेर येणे (पिशवी खाली सरकणे) किंवा प्रत्यक्ष कर्करोग असेल, तर शस्त्रक्रिया करावी लागू शकते, हे मान्य. पण २०१९ साली राज्य सरकारने आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीला बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली, म्हणजे जवळपास दर सहा जणींमागे एक. देशभरात १५ ते ४९ वयोगटात हे प्रमाण शंभरात सुमारे तीन आहे. इतका फरक केवळ आजारांमुळे पडला, हे मला पटत नाही.

बहिणीला मी तीन प्रश्न लिहून दिले आहेत: आजाराचे नाव काय, आजवर कोणती औषधे देऊन पाहिली आणि अंडाशये राहणार का? उत्तरे कागदावर मिळेपर्यंत ती सही करणार नाही.