रोममधली गर्दी आणि आईची पाण्याची बाटली

काका, नमस्कार.

रोमच्या गर्दीवरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया परवा वाचली, पण उत्तर आज लिहितेय. ‘34 वर्षं डोंबिवलीहून लोकलने गेलोय, आम्हाला गर्दीचा बाऊ दाखवू नका. पहाटे उठून जा, आडबाजूला राहा, हे सल्ले मर्जीने फिरणाऱ्यांना ठीक, टूरवाल्यांनी काय करायचं?’ इथपर्यंत वाचून मला रागच आला होता. मग शेवटची ओळ वाचली. तो लेख वाचून काकू ‘मला नाही झेपायचं, तुम्ही एकटे जा’ म्हणायला लागल्यात आणि सप्टेंबरच्या टूरचे पैसे तर भरून झालेत. हे वाचून फार वाईट वाटलं. आईला घेऊन जाऊन आले म्हणूनच तो लेख लिहिला होता, कुणाच्या आईने घरी बसावं म्हणून नाही.

सल्ल्यांबद्दल तुमचं म्हणणं मान्य. आम्ही दोघीच गेलो होतो, वेळ आमच्या हातात होता. टूरमध्ये बस थांबेल तिथे उतरायचं आणि गाइडच्या झेंड्यामागे चालायचं असतं. त्याचा विचार मी करायला हवा होता.

लोकलचं मात्र पटलं नाही. कुठल्या डब्यासमोर उभं राहायचं, ठाण्याला कुठल्या बाजूला सरकायचं, चौथी सीट कधी मिळेल, हे तुमच्या पायांना ठाऊक असतं. शिवाय दीड तासात माणूस घरी. रोममध्ये दिवसभर उभं राहायचं आणि चालायचं, तेही सांपिएत्रीनीवर, म्हणजे जुन्या रस्त्यांमध्ये बसवलेल्या काळ्या दगडांवर. दोन दगडांच्या फटीत चपलेचं टोक अडकतं. काकूंना बंद, जाड तळव्याचे बूट घ्या आणि निघण्याआधी महिनाभर ते घालून रोज चालू दे. पाकीट सांभाळायला मात्र तुम्हाला मी काय शिकवणार!

पण काकूंना भीती गर्दीची नसावी, असं मला राहून राहून वाटतं. माझ्या आईलाही नव्हती. लेखात एक गोष्ट मी संकोचाने गाळली होती, ती आता लिहिते. दुसऱ्या दिवशी रोमन फोरममध्ये, म्हणजे प्राचीन रोमच्या चौकाच्या अवशेषांत, आईला घेरी आली. सावलीत बसवून तिच्या पिशवीतून बाटली काढली, तर ती सकाळी भरली होती तशीच. विचारलं तर म्हणाली, “इथे कुठे जायचं गं? म्हणून पीतच नाहीये.” एसटीच्या प्रवासात आपल्या आया-मावश्यांनी जन्मभर हेच केलं. दोन दिवस मी तिला हजारो वर्षांपूर्वीचे दगड दाखवत होते आणि ती माझ्या शेजारी तहान मारत चालत होती. याचं मला अजून वाईट वाटतं. म्हणून पुढचं सगळं काकूंसाठी लिहितेय, त्यांना वाचून दाखवा.

पाणी रोममध्ये विकत घ्यावंच लागत नाही. रस्तोरस्ती बिडाचे बुटके नळ आहेत, अडीच हजारांच्या आसपास. बाकदार तोटीमुळे त्यांना ‘नासोने’ म्हणतात, म्हणजे मोठं नाक. 1874 पासून ते तिथे आहेत. पाणी घरच्या नळाला येतं तेच, पिण्याचं आणि गार. तोटी खालून बोटाने दाबली की वरच्या भोकातून धार उडते, वाकावं लागत नाही. त्रेवी कारंज्याचं पाणी तर इ.स.पू. 19 मध्ये अग्रिपा या रोमन सेनापतीने बांधलेल्या जलवाहिनीचं. पाण्याच्या बाबतीत इतकं उदार शहर मी दुसरं पाहिलेलं नाही.

आता खरा प्रश्न. सार्वजनिक स्वच्छतागृहं कमी आहेत, पण बार पावलोपावली आहेत. तिथे बार म्हणजे कॉफीचं दुकान, दचकू नका. काउंटरशी उभ्याने एक एस्प्रेसो घ्यायची, साधारण दीड युरोत होते, आणि विचारायचं, “बान्यो?” दाखवतात. टेबलाशी बसलात तर त्याच कॉफीचे पैसे जास्त पडतात, पण गुडघे बोलत असतील तर द्यावेत. टूरवाले पँथिऑन या प्राचीन देवळापाशी किंवा त्रेवीपाशी अर्धा-पाऊण तास मोकळा देतात. त्यातली पहिली दहा मिनिटं याचसाठी ठेवा, फोटो नंतर. व्हॅटिकन म्युझियममध्ये आत शिरल्या शिरल्या स्वच्छतागृह गाठा, कारण पुढच्या दालनांत माणसांच्या लोंढ्याविरुद्ध मागे फिरणं अवघड जातं. वेळेचा विचार आधी करून ठेवला की पाणी निर्धास्त पिता येतं.

तिसरी गोष्ट बसण्याची. स्पॅनिश स्टेप्सवर 2019 पासून बसायला बंदी आहे, दंड होतो. म्हणून त्या पायऱ्यांच्या भरवशावर राहू नका. बसायला चर्च. शहरात नऊशेच्या वर आहेत, बहुतेकांत प्रवेश फुकट, आत गारवा आणि बाकं. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, म्हणजे साडी किंवा सलवार-कमीज उत्तमच. पँथिऑनपासून त्रेवीकडे जाताना सांत-इन्यात्सिओ चर्च लागतं. वर पाहिलं की मोठा घुमट दिसतो, पण तो घुमट नाहीच. अंद्रेआ पोत्सो या चित्रकाराने सपाट कॅनव्हासवर रंगवलेला आहे. आई तिथल्या बाकावर वीस मिनिटं बसली आणि सारखी म्हणत होती, “खोटा आहे? खरंच खोटा आहे?” अख्ख्या सहलीत तिला सर्वांत आवडलेली जागा तीच. मात्र बरीच चर्च दुपारी बंद असतात, वेळ पाहून जा.

व्हॅटिकन म्युझियममधल्या सिस्टाइन चॅपेलमध्येही भिंतीलगत बाकं आहेत. आत बोलायला आणि फोटो काढायला मनाई असल्यामुळे गाइड सगळं आधीच बाहेरच्या चौकात समजावून सांगतात. आत गेल्यावर तुम्ही दोघं मधल्या दाटीत थांबू नका, सरळ कडेला सरका. कुणीतरी उठतं. काकूंना बसवा आणि मग निवांत वर छतावरची चित्रं बघा.

टूरवाल्यांना आत्ताच फोन करून दोन प्रश्न विचारा. व्हॅटिकनचं तिकीट आधीच वेळ ठरवून काढलंय का, आणि बस कोलोसियमपासून किती लांब उभी राहणार? दुसऱ्याचं उत्तर मिनिटांत मागा. ‘जवळच आहे’ हे उत्तर घेऊ नका.

आणि टूरच्या पत्रकातला रोमचा कार्यक्रम इथेच खाली टाका. कुठे पाणी, कुठे बाक, कुठला बार, हे मी थांब्यागणिक काकूंना लिहून देते.